हॉस्पिटलचं काम घ्यावं की शाळेचं? प्रीव्हेलिंग वेजचे दोन कायदे समोरासमोर

कॅलिफोर्नियात रंगकाम, ड्रायवॉल (जिप्सम बोर्डच्या भिंती), वीजकाम करणाऱ्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरांचं पेरोल मी सांभाळते. त्यात आपली मराठी मंडळीही आहेत. चार-पाच माणसं, कामं बहुतेक खासगी घरांची. मग एखाद्या वर्षी पहिल्यांदा सरकारी काम समोर येतं आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, तिथे रेट किती द्यावा लागतो?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. दर छापील असतो, पाच मिनिटांत सापडतो. पैसे बुडतात ते दुसरीकडे.

समजा तुमच्या टेबलावर रंगकामाची दोन कागदपत्रं आहेत. एक, केंद्र सरकारच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात वॉर्ड रंगवण्याचं सब-कॉन्ट्रॅक्ट. दुसरं, स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, इमारतींचं. दोन्हीकडे कामगारांना प्रीव्हेलिंग वेज, म्हणजे त्या भागातला चालू दर, द्यावा लागतो. त्यासाठी पहिल्याला केंद्राचा डेव्हिस-बेकन कायदा लागतो, दुसऱ्याला कॅलिफोर्नियाचा लेबर कोड, म्हणजे राज्याचा कामगार कायदा. डेव्हिस-बेकन १९३१ चा. त्याचं मूळही अशाच एका हॉस्पिटलात आहे: १९२७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला माजी सैनिकांचं हॉस्पिटल बांधायला अलाबामाच्या कॉन्ट्रॅक्टरने तिकडूनच स्वस्त मजूर आणले. तिथले खासदार रॉबर्ट बेकन यांनी तेव्हापासून हा विषय लावून धरला.

महाराष्ट्रात पीडब्ल्यूडीची कामं केलेल्यांनी एक गोष्ट आधी डोक्यातून काढावी. प्रीव्हेलिंग वेज म्हणजे किमान वेतन नव्हे. किमान वेतन हा तळ असतो. इथे त्या भागात, त्या कारागिरीला, तशा प्रकारच्या कामावर चालू असलेला दर द्यावा लागतो, आणि तो किमान वेतनाच्या पुष्कळ वर असू शकतो. 'चालू दर' ठरवण्याची रीतही दोघांची वेगळी आहे. केंद्र आधी निम्म्याहून जास्त कामगारांना मिळणारा दर शोधतं. तसा नसेल तर २०२३ च्या नियमांपासून पुन्हा ३० टक्क्यांची कसोटी लागते, म्हणजे सर्वांत जास्त, पण निदान ३० टक्के, कामगारांना मिळणारा दर, आणि तीही जमली नाही तर सरासरी. कॅलिफोर्निया थेट सर्वांत जास्त कामगारांना मिळणारा एकच दर उचलतं. 'काम लहान आहे, आपल्याला लागणार नाही' हा भ्रमही नको. केंद्राची मर्यादा २,००० डॉलर, राज्याची १,०००.

दराचे दोन भाग असतात, मूळ तासाचा दर आणि फ्रिंज, म्हणजे विमा, पेन्शन वगैरे. हिशेब इथे चुकतो, म्हणून आकडे मांडूनच दाखवते. समजा मूळ दर ४० डॉलर, फ्रिंज २०, एकूण ६०. तुम्ही कामगाराच्या विम्याचे महिन्याला ६०० डॉलर भरता. पुष्कळ जण ते ६०० त्या महिन्यातल्या सरकारी कामाच्या तासांनी भागतात आणि येणारी मोठी रक्कम तासाच्या दरातून वजा करतात. तसं चालत नाही. वर्षाचे ७,२०० डॉलर वर्षाच्या सगळ्या तासांनी, खासगी कामांचेही धरून, भागायचे. २,०८० तासांना ते तासाला ३.४६ येतात. उरलेले ५६.५४ रोख पगारातच द्यायचे. इथवर दोन्ही कायदे सारखे. फरक पुढे आहे. केंद्राच्या कामात फ्रिंज २० पेक्षा जास्त दिली तर जादाचा भाग मूळ दरात वळता करता येतो. कॅलिफोर्नियात, युनियनशी करार नसेल तर, ४० चे ४० रोख द्यावेच लागतात, पेन्शन कितीही भरा.

ओव्हरटाइममध्ये मूळ दराची दीडपट होते, फ्रिंजची नाही. केंद्राच्या कामावर वरच्या उदाहरणात ८० डॉलर होतात, ९० नव्हे. कॅलिफोर्नियाच्या दरपत्रकात ओव्हरटाइमचा दर वेगळा छापलेलाच असतो, तो घ्यायचा. केंद्र आठवड्याचे ४० तास मोजतं, राज्य दिवसाचे ८. हॉस्पिटलचं काम त्यामुळे सोपं वाटेल, पण कॅलिफोर्नियातल्या खासगी मालकाला दिवसाच्या ओव्हरटाइमचा राज्याचा सर्वसाधारण नियम एरवीही लागतोच. केंद्राच्या ताब्यातल्या काही जमिनींचा अपवाद सोडला तर या मुद्द्यावर हॉस्पिटल निवडू नका.

आता शाळेच्या कामातली खरी जबाबदारी: शिकाऊ कामगार. रंगकाम ही अप्रेंटिस लागणारी कारागिरी आहे. मुख्य करार ३०,००० डॉलरच्या खाली असेल तर सूट. नाहीतर करार झाल्यापासून १० दिवसांत, आणि काम सुरू व्हायच्या आत, डीएएस-१४० फॉर्म अप्रेंटिस समित्यांना, म्हणजे शिकाऊंचं प्रशिक्षण चालवणाऱ्या समित्यांना, पाठवायचा. मग किमान ७२ तास आधी डीएएस-१४२ भरून माणूस मागायचा. कुशल कामगारांच्या दर पाच तासांमागे शिकाऊचा एक तास भरायला हवा. समितीने माणूस पाठवला नाही तरी मागणी केल्याचा पुरावा तुमच्या फाइलीत पाहिजे. शिवाय तासामागे प्रशिक्षणाची वर्गणी. केंद्राच्या कामात अप्रेंटिस ठेवणं ऐच्छिक आहे, पण ठेवलात तर तो नोंदणीकृत कार्यक्रमातला हवा. नसेल तर त्याला पूर्ण कारागिराचा दर. आपल्याकडे मिस्त्रीबरोबर बिगारी आलाच, त्यामुळे 'हा नुसता हेल्पर आहे' हे वाक्य माझ्या कानावर सारखं येतं. ब्रश हातात घेतला की तो पेंटर. कमी पगाराचा हेल्पर अशी सोय कॅलिफोर्नियाच्या रंगकामात नाही, आणि केंद्राच्या कामात दरपत्रकात तसा वर्ग छापलेला असला तरच आहे.

वर्गवारीचा एक प्रसंग अजून टोचतो. एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरचे दोघे कामगार सकाळी ड्रायवॉलच्या सांध्यांना टेप लावायचे, पट्टी मारायचे आणि दुपारी रंग द्यायचे. हजेरीत दोघंही दिवसभर पेंटर. पट्टीकामाचा दर वेगळा होता, जास्त होता. तासांची फोड कुठेच नव्हती, मग दिवसभराला वरचाच दर धरावा लागला. फरक भरताना मालकाला वाईट वाटलं, पण मला त्या दोघांचं जास्त वाटलं. सात महिने त्यांना कमी मिळत होतं आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून मी रोजच्या हजेरीला दोन रकाने करायला लावते: काय केलं, किती वाजता ते किती वाजेपर्यंत.

कागदपत्रांत हॉस्पिटल हलकं, पण काटेकोर. पगार दर आठवड्याला द्यावा लागतो. पंधरवड्याने देणाऱ्यांची इथे पंचाईत होते. दर आठवड्याचं सर्टिफाइड पेरोल, म्हणजे खरं असल्याची सही केलेलं पगारपत्रक, बहुतेक जण डब्ल्यूएच-३४७ फॉर्मवर भरतात, वरच्या कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं. शाळेच्या कामाला आधी राज्याच्या औद्योगिक संबंध खात्याकडे नोंदणी हवी, नुसतं सब-कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं असलं तरी. पेरोल निदान महिन्यातून एकदा त्यांच्या संकेतस्थळावर चढवायचं. २५,००० डॉलरपर्यंतच्या बांधकाम-दुरुस्तीला आणि १५,००० पर्यंतच्या देखभालीला नोंदणीची सूट आहे, पण ती पगाराची सूट नव्हे. मालक स्वतः शिडीवर चढत असेल तर त्याचेही तास पेरोलवर दाखवायचे.

चुकीची किंमतही वेगळी. राज्यात कमी पगारासाठी प्रत्येक कामगारामागे, प्रत्येक दिवसाला २०० डॉलरपर्यंत दंड. चार माणसं, वीस दिवस, म्हणजे १६,००० पर्यंत, आणि कामगारांची बाकी त्याहून वेगळी. लेखी मागणीनंतर १० दिवसांत पेरोल दिलं नाही तर माणशी रोज १०० डॉलर. डेव्हिस-बेकनमध्ये कमी पगाराला असा रोजचा दंड नाही. तिथे बिल अडवतात, बाकी वसूल करतात आणि गंभीर प्रकरणात तीन वर्षं सरकारी कामांतून बाहेर. पण पेरोलखाली खोटी सही केली, किंवा चेक देऊन कामगाराकडून काही रोख परत घेतली, तर तो गुन्हा आहे. तसं करणाऱ्याचं पेरोल मी करत नाही.

भाव भरण्याआधी शाळेच्या दरपत्रकात दराच्या तारखेनंतरच्या खुणा नक्की बघा. एक तारांकन असेल तर तो दर काम संपेपर्यंत कायम. दोन असतील तर आधीच ठरलेली वाढ काम चालू असताना लागते आणि ती तुमच्या खिशातून जाते. हॉस्पिटलला सहसा करारात जोडलेलंच दरपत्रक चालतं.

मग काय घ्यावं? चार अनुभवी माणसं आहेत, अप्रेंटिस कधी पाहिलेला नाही, तर पहिलं काम हॉस्पिटलचं घ्या. मात्र हातात पैसा हवा. तासाला ६० धरले तर चौघांचे आठवड्याला ९,६०० होतात, टॅक्स वेगळे. वरच्याचं बिल सहा आठवड्यांनी आलं तर तोवर ५७,६०० तुम्ही घातलेले असतात. एवढी सोय नसेल तर हॉस्पिटल नको. शाळेचं काम अशांनी घ्यावं ज्यांना पुढे याच रांगेत राहायचं आहे. शाळा, शहर, काउंटी, सगळीकडे तोच लेबर कोड, एकदा अप्रेंटिसचं गणित बसलं की दर वेळी तेच. आणि शहराच्या कामात केंद्राचं अनुदान असेल तर दोन्ही कायदे एकदम लागतात, प्रत्येक कारागिरीला दोघांतला जास्त दर. ते काम पहिलं म्हणून मी कुणाला घेऊ देत नाही.

कुठलंही घ्या, वरच्या कॉन्ट्रॅक्टरला भाव देण्याआधी त्याच्याकडून दरपत्रकाचा क्रमांक आणि तारीख लेखी मागून घ्या. 'नंतर पाठवतो' म्हणाला तर भावही नंतरच द्या.