वायपोची डोमेन-तक्रार सेवा: १५०० डॉलर कुणी भरावेत?

ठाण्यात माझं ट्रेडमार्कच्या कामाचं ऑफिस आहे. अशील बहुतेक मसालेवाले, साडीवाले, एखाददुसरा क्लासवाला. फोन येतो तो साधारण असा: "मॅडम, आमच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी घेऊन बसलाय आणि वर पाच लाख मागतोय!" अशा वेळी विषय निघतो तो जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे वायपोचा. त्यांची डोमेन-तक्रार सेवा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून (डोमेनवरून) होणाऱ्या भांडणांचा निवाडा, मी अशिलांसाठी वापरत आले आहे. लोक हॉटेलांवर लिहितात, मी हिच्यावर लिहिते. उघड उघड चोरी असेल तर इतकं सुटसुटीत काम दुसरीकडे होत नाही. पण आपल्याकडच्या बऱ्याच दुकानदारांना ती लागू पडत नाही, आणि हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

दर असा: एक ते पाच डोमेन आणि एकच पंच असेल तर १५०० डॉलर, तिघांचं पॅनेल हवं तर ४०००. आजच्या भावाने किमान सव्वा लाख गेले, वकिलाची किंवा माझी फी वेगळी. येवल्याचे एक पैठणीवाले हा आकडा ऐकून म्हणाले, "एवढ्यात माझ्या दोन चांगल्या पैठण्या होतात की हो." त्यांचं पुढे काय झालं ते सांगते.

या पैशांत मिळतं काय? सगळा कारभार ईमेलवर. ना स्टँप पेपर, ना तारीख पे तारीख, ना साक्षीदार. तक्रार पाच हजार शब्दांत बसवायची, आणि ही मर्यादा मला फार आवडते, कारण अशिलाच्या आजोबांनी गिरणी कशी काढली ते आपोआप गळून पडतं. तक्रार गेली की रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, डोमेनला कुलूप लावते. समोरच्याला उत्तराला २० दिवस. पंच नेमल्यावर साधारण १४ दिवसांत निकाल. समोरचा कुठल्या देशात बसलाय याने फरक पडत नाही, कारण डॉट कॉम घेतानाच त्याने या नियमांना मान तुकवलेली असते. हे नियम इंटरनेटवरच्या नावांचा जगभरचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली केले.

मिळत नाही ती नुकसानभरपाई. एक पैसासुद्धा नाही. डोमेन तुमच्या नावावर होईल नाहीतर रद्द होईल, बस्स. ज्यांना "त्याला धडा शिकवायचाय" त्यांनी कोर्टाची पायरी चढावी. मुंबई हायकोर्टाने १९९९ मध्येच 'रेडिफ'च्या बाजूने 'रॅडिफ'ला मनाई केली होती, आणि २००४ च्या 'सिफी' प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे मान्य केलं.

आता खरी मेख. जिंकायला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी फसवं साम्य असलेलं हवं. समोरच्याचा त्या नावावर काही रास्त हक्क नसावा. आणि त्याने ते बदनीयतीने घेतलेलंही हवं आणि वापरलेलंही. पहिली पायरी बहुतेक जण चढतात. घसरतात ते पुढच्या दोनांवर. समोरचा उत्तरच देत नाही असं बऱ्याचदा होतं, पण म्हणून निकाल आपसूक तुमच्या पदरात पडत नाही.

या सेवेतला पहिला खटला तर सोपाच होता. कुस्तीवाल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या नावाचं डॉट कॉम एकाने घेतलं आणि लगेच त्यांनाच १००० डॉलरला विकायला काढलं. डोमेन गेलं. टाटांनी २००० साली त्यांचं नाव वापरणारं एक अश्लील संकेतस्थळ असंच काढून घेतलं. पण त्याच वर्षी मॅडोना जिंकली आणि गायक स्टिंग हरला, कारण 'स्टिंग' हा इंग्रजीतला रोजचा शब्द. आता 'स्वाद', 'घरगुती', 'सुगंध' असली नावं घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांनी स्वतःच विचार करावा. आडनावाची गत तीच. अमेरिकेत उझी निसान नावाच्या गृहस्थाने १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं; मोटार कंपनीने त्याला कोर्टात वर्षानुवर्षं खेचलं, तरी डोमेन त्याच्याकडेच राहिलं. तुमच्या 'जोशी'वर दुसऱ्या जोशींचाही हक्क असतोच की.

आणि तारीख. डोमेन तुमच्या ब्रँडच्या आधीचं असेल, तर ते घेणाऱ्याने तुम्हाला लुबाडायला घेतलं असं सहसा म्हणता येत नाही. पैठणीवाल्यांचं नेमकं हेच निघालं. मी त्यांना तक्रार करू नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी डॉट इन घेतलं. याला एक अपवाद आहे: कंपन्यांच्या विलीनीकरणाचा वास लागल्यावर जोडनाव आधीच पटकावलं तर पंच ती बदनीयत धरू शकतात. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार म्हणून जिओहॉटस्टारचं डोमेन आधीच घेतलेल्या दिल्लीच्या तरुणाने २०२४ मध्ये त्या बदल्यात रिलायन्सकडे केंब्रिजमधल्या शिक्षणाची फी मागितली, तेव्हा लोक त्याच्या हुशारीचं कौतुक करत होते. मला मात्र त्याच्या पानावरचा मजकूर वाचून कपाळावर हात मारावासा वाटला. विलीनीकरणाच्या शक्यतेवरूनच नाव सुचलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं!

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पंच नेमण्याआधी तडजोड झाली, तर एका पंचाच्या फीपैकी १००० डॉलर परत मिळतात. तक्रारीची प्रत हातात पडल्यावर पाच लाख मागणारा माणूस एकदम गोड बोलू लागतो, तेव्हा ही सवलत कामी येते. उलट, तक्रार खोडसाळ निघाली तर पंच निकालात तसं स्पष्ट लिहितात. दंड नाही, पण तो निकाल नावानिशी जगापुढे कायमचा राहतो.

डॉट इन किंवा डॉट भारत असेल तर वायपोकडे जाऊच नका. त्यासाठी डॉट इनचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेची आयएनडीआरपी ही वेगळी तक्रार-व्यवस्था आहे. तिथे एक लवाद असतो, काम १९९६ च्या लवाद कायद्याने चालतं, पैसे रुपयांत भरायचे. शिवाय तिथे बदनीयतीने घेतलेलं 'किंवा' वापरलेलं, एवढं पुरतं. तक्रारदाराला ही केवढी मोकळीक आहे ते वायपोत हरलेल्याला विचारा. लवादाला खर्चही देववता येतो. हरणाऱ्याला त्याच लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात आव्हान देण्याची वाट मात्र मोकळी असते.

वायपोची माझ्या मते सर्वांत उत्तम गोष्ट फुकट आहे. सगळे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतात, विषयवार शोधता येतात, आणि पंचांचा कल कुठे झुकतो याचा एक सुबक गोषवाराही तिथे आहे. इंग्रजी जड नाही. तुमच्यासारख्याच नावाचे चार निकाल वाचा, मग कुणा एजंटला फोन करा. मलासुद्धा.

पाचपैकी साडेचार, पण नाव ठसठशीत आणि नोंदलेलं असेल तरच. नुसता ट्रेडमार्कचा अर्ज टाकून आलेल्यांना त्या जोरावर सहसा काही मिळत नाही. जिंकल्यावर दहा कामाचे दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात हरलेला कोर्टात गेला नाही तर डोमेन तुमचं. आणि तक्रार चालू असतानाच डोमेनची मुदत संपत असेल तर घाबरू नका, नूतनीकरणाचे पैसे भरून ते टिकवायची मुभा तक्रारदाराला असते.