क्युरेटर व्हावं की कलेवर लिहावं?

समकालीन कलेची ओढ आहे आणि लिहिताही बऱ्यापैकी येतं, अशा माणसापुढे दोन वाटा असतात. एक प्रदर्शनं उभी करणाऱ्या क्युरेटरची, दुसरी कला-संस्कृतीवर लिहिणाऱ्या लेखकाची. दोघांनाही भरपूर पाहावं लागतं, वाचावं लागतं, कलावंतांच्या स्टुडिओत तासन्‌तास बसावं लागतं, म्हणून लांबून ही कामं सारखीच दिसतात. माझ्या मते खरा फरक बांधिलकीचा आहे. क्युरेटर कलावंताला आणि संस्थेला बांधील असतो, लेखक वाचकाला. आवडीनिवडी, पदव्या, ओळखी यांचा विचार नंतर करा. यातली कोणती बांधिलकी आपल्याला पेलेल, ते आधी ठरवा.

क्युरेटर म्हणजे कलाकृती निवडणारा, असा समज आहे. प्रत्यक्षात निवडीला वेळ थोडाच लागतो. बाकीचा जातो कलाकृती उसन्या आणण्याचे करार, विमा, वाहतूक, निधीसाठीचे अर्ज आणि भिंतीवरच्या मजकुराचे खर्डे यांत. मोठ्या संग्रहालयात या कामांना वेगळी माणसं असतात. लहान संस्थेत ती बहुतेक क्युरेटरच्याच अंगावर पडतात. पेटी उघडली की चित्र आडवं ठेवून तिरप्या उजेडात न्याहाळायचं. रंगाचा पापुद्रा कुठे सुटलाय, कागदाचा कोपरा किती दुमडलाय, हे मोजून लिहायचं, फोटो काढायचे, सह्या घ्यायच्या. जलरंग किंवा कागदावरची रेखाटनं असतील तर उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) वर जाऊ द्यायचा नसतो. दालन अंधारं का, असं विचारणाऱ्याला ते शांतपणे समजावून सांगायचं, तेही दिवसातून अनेकदा. हे सगळं ज्याला कटकट वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला यात कलाकृतीची काळजी दिसते, त्याचं इथे मन रमेल.

त्या बदल्यात जे मिळतं ते लेखनातून मिळत नाही. दोन कामं शेजारी लावली की त्यांच्यात काहीतरी घडतं. अंतर हातभर वाढवलं की तेच नातं सुटतं. अशा वेळी जागाच युक्तिवाद करते आणि प्रेक्षक तो पायांनी वाचतो. स्विस क्युरेटर हॅराल्ड झीमान यांनी १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनात भरवलेलं प्रदर्शन याच कारणाने आजही चर्चेत आहे. तयार वस्तू मांडण्यापेक्षा कलावंतांना तिथेच काम करू दिलं गेलं. अमेरिकी कलावंत मायकेल हायझर यांनी तर इमारतीसमोरचा फुटपाथच फोडला. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी झीमान यांनी कुन्स्टहालेचं संचालकपद सोडलं. पुढे स्वतंत्र क्युरेटर म्हणून त्यांनी १९७२ चं पाचवं डॉक्युमेंटा, म्हणजे जर्मनीतल्या कासेलमध्ये काही वर्षांच्या अंतराने भरणारं मोठं कलाप्रदर्शन, घडवलं. स्वतंत्र क्युरेटर हा व्यवसाय लोकांना दिसू लागला तो त्यांच्यामुळे. मात्र संस्था पाठीशी नसेल तर जागा, पैसा आणि परवानगी दर वेळी नव्याने मिळवावी लागते, हेही लक्षात ठेवा.

लेखकाला परवानगी लागत नाही. आज प्रदर्शन पाहिलं, उद्या लिहिलं, परवा कुणीतरी वाचलं. सुरुवात करायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. अडचण पुढे येते. समीक्षेचं मानधन तुटपुंजं आणि तेही उशिरा मिळणारं, त्यामुळे बहुतेक जण शिकवणं, संपादन किंवा भाषांतर करून घर चालवतात. कॅटलॉगमधल्या लेखाला सहसा जास्त पैसे मिळतात, पण ते गॅलरी किंवा संस्था देते आणि तिथे प्रतिकूल मत खपत नाही. लेखनाचा कस लागतो तो वर्णनात. कॅनव्हासवर निळा रंग कसा ओघळलाय, तो कुठे थांबलाय, शेजारची जागा कोरी का सोडलीय, हे आधी दाखवता आलं पाहिजे. ‘स्मृती’, ‘अवकाश’, ‘अस्मिता’ हे शब्द त्यानंतर, आणि गरज असेल तरच. नव्या लेखकांचे बरेच लेख नेमके इथेच फसतात.

दोन्ही करता येईल का? येतं. अमेरिकेतल्या ल्यूसी लिपर्ड आधी समीक्षक होत्या. १९६९ मध्ये त्यांनी सिएटलमध्ये जे प्रदर्शन रचलं, त्याचा कॅटलॉग म्हणजे सुट्या कार्डांचा गठ्ठा होता आणि काही कामं तर कलावंतांच्या लेखी सूचनांवरून त्यांनी स्वतः उभी केली. नायजेरियात जन्मलेले क्युरेटर ओक्वी एन्वेझोर राज्यशास्त्र शिकलेले, कविता लिहिणारे. १९९४ मध्ये समकालीन आफ्रिकी कलेला वाहिलेलं ‘एनका’ हे नियतकालिक त्यांनी इतरांसोबत सुरू केलं. २००२ चं अकरावं डॉक्युमेंटा आणि २०१५ चं व्हेनिस बिएनाले हे इटलीतलं मोठं कलाप्रदर्शन त्यानंतरचं. दोघांच्याही बाबतीत लेखन आधी आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. क्युरेटरच्या पदव्या आज अनेक ठिकाणी मिळतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला असं शिक्षण १९८७ मध्येच सुरू झालं. पदवीने ओळखी होतात, संग्रहालयाच्या नोकरीत ती उपयोगीही पडते. पण पाहिलेल्यावर स्वतःचं मत बनवण्याची सवय लिहूनच लागते.

म्हणून अजून ठरत नसेल तर आधी लिहा, आणि सोबत एखाद्या लहान प्रदर्शनाच्या मांडणीला हातभार लावा. पेट्या उघडण्याचं काम मागून घ्या. लेख लिहिताना वेळेचं भान राहत नाही की भिंतीपाशी राहत नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

दोन्हीकडे पाय ठेवायचे ठरवलं, तर ज्या कलावंताचं प्रदर्शन तुम्ही केलं त्याच्यावर समीक्षा लिहू नका. लिहिणं भागच असेल तर ते नातं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. आणि कॅटलॉगसाठी लेख मागितला गेला, तर शब्दमर्यादा, मानधनाची तारीख आणि मजकुरात बदल करण्याचा अधिकार कुणाचा, या तीन गोष्टी काम सुरू करण्याआधी लेखी घ्या.