पिंपातली बिटर: ससेक्स बेस्ट घ्यावी की लँडलॉर्ड?

इंग्लंडच्या छोट्या मुक्कामात पिंपातली पारंपरिक बिटर, म्हणजे कडसर चवीची इंग्रजी बिअर, एकदा तरी चाखायची असे ठरवून आलेल्या वाचकापुढे मी दोनच नावे ठेवीन: दक्षिणेकडील लुईस गावच्या हार्वेजची ‘ससेक्स बेस्ट’ आणि यॉर्कशरमधील कीथलीच्या टिमथी टेलरची ‘लँडलॉर्ड’. लँडलॉर्ड स्वतःला ‘पेल एल’, म्हणजे फिकट रंगाची बिअर, म्हणवते. पण बिटर आणि पेल एल यांच्यातली सीमा खुद्द इंग्रजांनाही कधी नीट आखता आलेली नाही, त्यामुळे त्या शब्दावर अडून बसू नये. मद्यार्क पहिलीत ४ टक्के, दुसरीत ४.३ टक्के, म्हणजे निवड नशेवरून करण्यासारखी नाहीच.

दोहोंचा पाया एकच आहे. पिंप पबच्या तळघरात पोहोचते तेव्हा त्यात यीस्ट जिवंत असते, तिथेच बिअर दुसऱ्यांदा थोडी आंबते, आणि त्यातून निर्माण झालेला वायूच तिला पुरतो. बाहेरून वायूचा दाब दिला जात नाही. ती ११ ते १३ अंश सेल्सिअसला, हातपंपाने ओढून दिली जाते. बर्फगार बिअरची सवय असलेल्या आपल्या माणसाला पहिला घोट कोमट आणि मवाळ वाटतो. मात्र फार थंडीत जीभ बधिर होऊन जे निसटते, तेच इथे चाखायचे असते.

ससेक्स बेस्टचा रंग तांबूस तपकिरी. आधी भाजलेल्या बिस्किटासारखा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडवा येतो, मागून यीस्टचा फळांसारखा गंध, आणि शेवटी फगल व गोल्डिंग या जुन्या इंग्रजी हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) मातकट, कोरडा कडूपणा, जो घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. लँडलॉर्ड त्या मानाने उजळ आणि मोकळी आहे. गोल्डन प्रॉमिस या जातीच्या बार्लीमुळे तिचा गोडवा स्वच्छ लागतो आणि हॉप्समधून फुलांचा, संत्र्याच्या सालीचा वास येतो. ब्रिटनमधील सर्वोत्तम बिअरचा ‘कॅमरा’ या पारंपरिक बिअरसाठी झटणाऱ्या ग्राहक संघटनेचा मान तिने चार वेळा मिळवला आहे. तरीही ससेक्स बेस्टमध्ये जो खोलपणा आहे, तो मला तिच्यात सापडत नाही. हे अर्थात माझ्या जिभेचे मत झाले.

लँडलॉर्डच्या बाबतीत तोटीचाही प्रश्न आहे. उत्तरेत हातपंपाच्या तोटीला बारीक छिद्रांची ‘स्पार्कलर’ नावाची टोपी लावतात, तिच्यामुळे वायू बाहेर पडून दाट, सायीसारखा फेस जमतो आणि बिअर तोंडात मऊ लागते. दक्षिणेत ही टोपी सहसा नसते. फेस पातळ, पण कडूपणा अधिक थेट. लँडलॉर्ड तिच्या घरी पितात तशी हवी असेल तर ती यॉर्कशरमध्येच घ्यावी.

दुसरी अडचण तळघराची. ही बिअर पिंपात बरीच खळबळ करते, तिला स्थिरावायला वेळ द्यावा लागतो, आणि देशभर कुठेही मिळत असल्याने घाईत उघडलेले पिंप आपल्या वाट्याला येण्याची भीती राहते. ९ गॅलनच्या ‘फर्किन’ पिंपात ७२ पिंट (एक पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटरचा मोठा ग्लास) असतात आणि उघडल्यानंतर साधारण तीन दिवसांत ते संपावे लागते, म्हणजे रोज २४ ग्लास. ओस पडलेल्या पबमध्ये हा हिशेब जमत नाही. गर्दीचा पब निवडणे हे बिअर निवडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

शाकाहारी वाचकाने एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. पिंपातली बिअर नितळ करण्यासाठी पारंपरिकरीत्या माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेले ‘आयझिंग्लास’ वापरतात; आपल्या कोळ्यांना घोळ माशाचा जो बोत मोलाचा वाटतो, त्याच वर्गातली ही वस्तू. गाळ खाली बसतो हे खरे, पण ज्याला चालत नाही त्याला तेवढ्याने चालणार नाही.

मुक्काम लंडनमध्येच असेल तर मी ससेक्स बेस्ट सुचवीन, कारण बरो भागातील टॅबर्ड स्ट्रीटवरचा ‘रॉयल ओक’ हा हार्वेजचाच पब आहे. यॉर्कशरमध्ये लीड्स, ब्रॅडफर्डकडे नातेवाईक असतील तर लँडलॉर्ड. दोन्हीकडे आधी अर्धी पिंट, म्हणजे २८४ मिलिलिटर मागावी. बहुतेक पबमध्ये घोटभर नमुना मागितला तरी कोणी नाक मुरडत नाही. आणि ग्लासाला व्हिनेगरचा वास आला तर संकोच न करता तो परत द्यावा, बदलून मिळतो.