फऱ्यावर ४.५/५.० लॉकिंग प्लेट: घोड्याच्या खांद्याला पुरते का?

शिंगरू फाटकाच्या खांबाला धडकलं किंवा तोंडघशी पडलं, की फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडाच्या, खालच्या टोकाचा पुढचा उंचवटा मोडू शकतो. हाच सुप्राग्लेनॉइड ट्यूबर्कल. दोन वर्षांच्या आतली जनावरं जास्त सापडतात, कारण तोवर हा भाग फऱ्याशी पुरता एकजीव झालेला नसतो. पहिल्या दिवशी पाय टेकत नाही, चार-सहा दिवसांत बऱ्यापैकी टेकतो, आणि मोतद्दार म्हणतो, मुका मार होता. वेळ जातो तो इथेच. बायसेप्स स्नायू याच तुकड्यापासून निघतो आणि त्याला खाली-पुढे खेचत राहतो. ४.५/५.० लॉकिंग प्लेटची, म्हणजे भोकांत ४.५ मिमी साधे किंवा ५.० मिमी लॉकिंग स्क्रू घेणाऱ्या धातूच्या पट्टीची, खरी परीक्षा या ओढीपुढे आहे.

जुनी पद्धत म्हणजे दोन-तीन ५.५ मिमी लॅग स्क्रू (तुकडा हाडाशी आवळून धरणारे) आणि आठच्या आकड्यात आवळलेली तार. हलक्या शिंगरात ती निभावते. वजन वाढलं की तार तुटते, स्क्रू वाकतात किंवा उपटतात. फऱ्याचं पान पातळ, त्यात साध्या स्क्रूच्या आट्यांना पकड मिळत नाही. लॉकिंग स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत बसतं, त्यामुळे सुटा स्क्रू न उपटता सगळी जोडणी एकत्र भार घेते. या हाडासाठी पैसे मोजायचे ते या एका गुणासाठी.

माल माणसांच्या हाडांसाठी बनलेला आहे, हे विसरायचं नाही. लांब, अरुंद प्लेट फऱ्याच्या कण्याच्या (पानावरच्या उभ्या कडेच्या) पुढे बसते, पण तुकड्यावर तिची जेमतेम दोन-तीन भोकं येतात. सगळ्यात कच्चा दुवा तोच. म्हणून जागा असेल तर दोन प्लेटा घालाव्यात. माणसाच्या मांडीच्या खालच्या टोकासाठी केलेली पसरट डोक्याची प्लेट तुकड्यात जास्त स्क्रू घेते. मोठ्या वॉर्मब्लड घोड्यांतही ती वापरली गेली आहे.

घोडा कुशीवर, दुखरा पाय वर. आधी सुप्रास्कॅप्युलर नस शोधायची. ती फऱ्याच्या मानेवरून (खालच्या अरुंद भागावरून), नेमकी प्लेटच्या वाटेतून जाते. प्लेट तिच्याखालून सरकवायची, नसेला रिट्रॅक्टरने (बाजूला ओढून धरणाऱ्या आकड्याने) ताणत ठेवायचं नाही. ताणली तर काही आठवड्यांत खांद्याचे स्नायू सुकलेले दिसतात. तुकडा जागेवर आणताना खांदा ताठ करा आणि कोपर दुमडा, बायसेप्स सैल पडतो. नुसत्या फोर्सेप्सच्या जोरावर ओढाल तर तुकडाच चिरेल. सांधा उघडून कूर्चेची पायरी राहिली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा.

मग क्रम पक्का: आधी लॅग, मग लॉक. लॅगच्या ५.५ मिमी कॉर्टेक्स (साध्या) स्क्रूसाठी तुकड्यात ५.५ चं भोक, फऱ्यात ४.० चं. फट मिटली की प्लेट ठेवून ५.० मिमी लॉकिंग स्क्रूसाठी ४.३ चं ड्रिल, तेही आटे असलेल्या गाइडमधूनच. गाइड तिरका बसला की डोकं वेडंवाकडं अडकतं, आणि पुढे काढायची वेळ आली तर तोंडाला फेस येतो. शेवटचा पीळ हाताने, ४ न्यूटन-मीटरच्या टॉर्क लिमिटरवर (ठरलेल्या जोराला थांबणाऱ्या अवजारावर), मोटारीने नाही. एकदा लॉक झाल्यावर तुकड्यातली फट आवळली जात नाही, आणि क्रम चुकला की फट तशीच कायम राहते.

दुसरी खोट दिशेची. लॉकिंग स्क्रू प्लेटला काटकोनातच जातो. सांध्याजवळच्या भोकात तो थेट कूर्चेत शिरू शकतो. तिथे साधा कॉर्टेक्स स्क्रू तिरका घालावा. प्लेट वाकवायची तर दोन भोकांच्या मध्ये. भोकात बाक आला की आटे बिघडतात आणि लॉकिंग नावापुरतं उरतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्क्रू आणि प्लेटा एकत्र करू नका. दिसायला सारखे असले तरी आटे जुळतीलच असं नाही. स्वस्त सेट घेताना टेबलावरच एक स्क्रू प्लेटमध्ये फिरवून पाहा.

शिफारस कोणाला? ताजी मोड, एकच मोठा तुकडा, तरुण जनावर: ही प्लेट पहिली पसंती. तुकडा लहान असेल तर तो काढून टाकणं बरं. चुरा झालेल्या किंवा जुन्या, झिजलेल्या सांध्यात प्लेटा घालून शर्यतीच्या घोड्याची आशा दाखवू नये.

खांद्याला कास्ट घालता येत नाही. भूल उतरताना घोडा उठतो तेव्हा सगळा भार प्लेटवर, म्हणून डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून उठवणं चैन नव्हे, गरज आहे. पुढे दोन-तीन महिने पागेत, आणि हातात धरून चालवण्याआधी एक्स-रे. बाकी वेळ लक्ष दुसऱ्या, चांगल्या पुढच्या पायावर: तोच भार उचलत असतो, त्याच्या खुराला पहिल्या दिवसापासून आधार द्या आणि रोज हात लावून खूर गरम लागतो का बघा.