ट्रॅक्टर ट्रकवर बांधण्याचा साखळी आणि रॅचेट बाइंडरचा संच : एक परीक्षण

आमचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पावसाळ्यात भाताच्या चिखलणीसाठी कराडहून चिपळूणकडे ट्रकने जातो. पाटण आणि कोयनानगर मागे पडले की पुढे कुंभार्ली घाटाचा उतार लागतो, आणि ओल्या रस्त्यावर चालकाने जोरात ब्रेक दाबला तर हौद्यातले दोन टनांचे धूड कशाच्या आधाराने जागेवर राहणार, याचा विचार ट्रॅक्टरमालकाने घरून निघण्यापूर्वीच करायला हवा. या कामासाठी सांगलीतील एका दुकानातून साखळ्या आणि त्या ताणून कडक करणारे रॅचेट बाइंडर यांचा संच घेतला. संच चांगला आहे आणि ज्यांचा ट्रॅक्टर वरचेवर ट्रकने किंवा ट्रेलरने हलतो त्यांनी तो जरूर घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र त्यावरील आकडे नीट समजले नाहीत किंवा साखळी भलत्याच जागी अडकवली, तर एवढा खर्च करून पदरात फारसे काही पडत नाही.

संचात ८ मिलिमीटर जाडीच्या, ग्रेड ८० या जास्त ताकदीच्या पोलादाच्या चार साखळ्या असून प्रत्येक साखळी साडेतीन मीटर लांबीची आहे. दोन्ही टोकांना हूक आहेत आणि प्रत्येक साखळीसाठी एक बाइंडर आहे. या जाडीच्या साखळीचे वजन मीटरला दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे सगळा संच एका हाताने उचलून नेण्यासारखा नाही. प्रत्येक साखळीला धातूचे एक छोटे लेबल लटकवलेले असून त्यावर ४,००० डेकान्यूटन असा आकडा कोरलेला आहे. सोप्या भाषेत, माल बांधण्यासाठी ही साखळी सरळ ओढीत सुमारे ४ टनांचा ताण घेऊ शकते. हीच साखळी वजन उचलण्यासाठी वापरली तर तिची मर्यादा २ टन धरतात आणि ती तुटण्याचा भार ८ टनांच्या घरात असतो. दुकानात गेल्यावर यांपैकी कोणताही आकडा कानावर पडू शकतो. विकणारा ‘आठ टनांची साखळी’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण तो तुटण्याचा आकडा सांगत असतो. आपल्याला हवा तो बांधण्याचा आकडा, आणि तो लेबलवरच पाहावा. लेबल नसलेली साखळी कितीही जाड आणि चकचकीत असली तरी ती साध्या लोखंडाची आहे की ग्रेड ८० ची, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

माल बांधण्याच्या युरोपीय मानकांत पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरला जातो. दोन टनांच्या ट्रॅक्टरसाठी पुढच्या दिशेचा हा जोर १,६०० किलोंचा होतो. तो अडवण्याचे काम ट्रॅक्टरपासून ट्रकच्या मागच्या बाजूकडे तिरप्या जाणाऱ्या दोन साखळ्या करतात, तर पुढच्या दोन साखळ्या त्याला मागे सरकू देत नाहीत. साखळी हौद्याच्या तळाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून आणि तेवढीच बाजूला फाकवून बांधली तरी तिची निम्मी ताकद सरळ दिशेने मिळते, म्हणजे दोघी मिळून गरजेच्या दुपटीहून अधिक आधार देतात. साखळी जसजशी उभी होत जाईल तसतशी ती ट्रॅक्टरला नुसती खाली दाबते आणि सरकण्यापासून अडवणे कमी होत जाते. आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये हीच अडचण येते. म्हणून भाडे ठरवतानाच हौद्याची लांबी विचारून घ्यावी.

यापूर्वी आम्ही ५० मिलिमीटर रुंदीचे रॅचेटचे पट्टे वापरत होतो आणि आमच्या भागात आजही तेच सर्वाधिक दिसतात. ते वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. ज्या पट्ट्याला सर्रास पाच टनांचा म्हणतात, त्याची सरळ ओढीतील बांधण्याची क्षमता २,५०० डेकान्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन असते. पॉलिएस्टरचा पट्टा पूर्ण क्षमतेच्या ताणाखाली सात टक्क्यांपर्यंत लांबलेला मानकाला चालतो. दोन मीटर लांबीवर हे चौदा सेंटिमीटर होतात. ट्रॅक्टरचे टायर मुळातच दबतात आणि उसळतात, त्यात पट्टाही ताणला गेला तर खड्ड्याखड्ड्याला ट्रॅक्टर हौद्यात डुलतो. साखळीने बांधल्यावर हे डुलणे जवळजवळ थांबले, आणि हा फरक ट्रकच्या मागून गाडी चालवताना स्पष्ट दिसतो. शिवाय ट्रॅक्टरच्या धारदार कडांवर पट्टा घासून कापला जातो, उन्हाने कमजोर होतो, आणि रुंदीच्या दहाव्या हिश्शाहून मोठा काप गेला की तो टाकूनच द्यावा लागतो. द्राक्षबागेतील छोट्या ट्रॅक्टरसाठी किंवा सुट्या अवजारांसाठी मात्र चांगले पट्टे पुरेसे आहेत. तेथे साखळीचा खर्च करण्याचे कारण नाही.

बाइंडर हा या संचातील सर्वांत मोलाचा भाग आहे. मधोमध एक नळी, तिच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांचे स्क्रू आणि मध्ये खटक्याचा दांडा, अशी त्याची रचना आहे. दांडा मागे-पुढे केला की दोन्ही स्क्रू एकाच वेळी आत ओढले जातात आणि साखळी टिचकीने वाजेल इतकी कडक होते. खटका उलटा फिरवला की तितक्याच सावकाश ती सैल होते. जुन्या पद्धतीच्या लिव्हर बाइंडरमध्ये सगळा ताण एका झटक्यात दांड्यावर येतो. सोडताना तो दांडा हातातून निसटून तोंडावर किंवा मनगटावर बसण्याचा धोका असतो. त्यातही दांड्याला पाइप जोडून जोर लावण्याची सवय असली तर तो धोका कित्येक पटींनी वाढतो. रॅचेट बाइंडरला वेळ जास्त लागतो, पण पावसात ओल्या हातांनी साखळी सोडायची असते तेव्हा हा सावकाशपणाच हवासा वाटतो. बांधून झाल्यावर दांडा तारेने साखळीशी जखडावा, म्हणजे वाटेत हादऱ्यांनी खटका सुटत नाही.

आता साखळी कोठे अडकवावी याविषयी. पुढच्या बाजूला ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेला टोचनाचा हूक किंवा त्याचा भक्कम ब्रॅकेट धरावा. स्टेअरिंगचे टाय रॉड, बंपरचा पत्रा किंवा बॉनेटजवळचे काहीही धरू नये. ज्याची फक्त मागची दोन चाके इंजिनावर चालतात (टू-व्हील ड्राइव्ह) अशा ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या खिळीवर झुलतो, त्यामुळे केवळ ॲक्सल जखडला तरी वरचा सांगाडा डावी-उजवीकडे हलत राहतो. मागे ॲक्सलच्या हाउसिंगला (बाहेरच्या भक्कम कवचाला) दोन्ही बाजूंनी स्वतंत्र साखळी घ्यावी. थ्री पॉइंट लिंकेजचे, म्हणजे मागे अवजार जोडण्याचे, दांडे वजन उचलण्यासाठी असतात, त्यांना ट्रॅक्टर बांधणे चूक आहे. साखळी हायड्रॉलिकच्या पाइपवर, ब्रेकच्या नळीवर किंवा टायरच्या बाजूवर टेकत नाही ना, हे वाकून पाहावे. ट्रकच्या बाजूनेही तितकीच काळजी हवी, कारण ताडपत्री बांधण्याच्या कड्या आणि फाळक्याचे बिजागर चार टनांच्या साखळीपुढे काहीच नाहीत. चेसिसच्या आडव्या पट्टीला नीट बसवलेली जाड कडी असेल तरच तेथे हूक लावावा. नसेल तर दुसरा ट्रक पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ट्रॅक्टर कमी गिअरमध्ये ठेवून, दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना लाकडी उटी लावावी. रोटाव्हेटर चारशे किलोंच्या आसपास असतो. तो खाली टेकवून वेगळ्या पट्ट्याने बांधावा. चिखलणीची लोखंडी केज व्हील बसवून ट्रॅक्टर नेऊ नये, कारण लोखंडावर लोखंड सहज घसरते आणि रबरी टायरची पकड हातची जाते. ती काढून बाजूला बांधलेलीच बरी. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून चारही बाइंडर पुन्हा तपासावेत, कारण टायर बसल्यामुळे साखळी हमखास थोडी सैल होते. घाट उतरण्याआधी कोयनानगरला दुसऱ्यांदा पाहणे हा आमचा नियम आहे.

संचात उणिवाही आहेत. हुकाचे तोंड अरुंद असल्यामुळे काही ट्रकच्या जाड कड्यांत ते बसत नाही, आणि मग साखळीच कडीतून ओवून तिच्याच दुव्यात हूक अडकवावा लागतो. बाइंडरच्या आट्यांत धूळ आणि चिखल जाऊन ते लवकर जड होतात, म्हणून प्रत्येक पावसाळ्यानंतर ते धुऊन वंगण लावावे लागते. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे. ज्या चालकांच्या आणि क्लीनरच्या हाती हे साहित्य पडणार, त्यांच्यासाठी दोन पाने मराठीत छापणे उत्पादकाला जड नव्हते. किंमत पट्ट्यांच्या कितीतरी पट आहे. ज्याचा ट्रॅक्टर वर्षातून एखाद्या वेळी कार्यशाळेत जातो, त्याला ती परवडणार नाही. अशा वेळी चालकाकडे असा संच आहे का, एवढे विचारून भाडे ठरवावे.

दुकानाची सेवा समाधानकारक वाटली. साखळी आखूड करून पाहिजे म्हटल्यावर दुकानदारांनी ती कापून, योग्य जोडकडी बसवून दिली आणि वेल्डिंग करण्यास स्पष्ट नकार दिला. हा नकार अगदी योग्य होता. ग्रेड ८० च्या पोलादाची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली असते आणि वेल्डिंगच्या तापाने ती त्या जागी नाहीशी होते. गावच्या कार्यशाळेत तुटलेली साखळी जोडून पुन्हा वापरण्याची पद्धत फार रुळलेली आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. त्याचप्रमाणे साखळीला गाठ मारू नये, बोल्ट घालून ती लांबवू नये, आणि कोणत्याही कडीची जाडी झिजून ७.२ मिलिमीटरच्या खाली आली की ती साखळी बाद करावी. दुकानदारांनी यासाठी एक साधा कॅलिपर सोबत घ्यायला सुचवले, आणि तो आता बाइंडरच्याच पेटीत असतो.