टेक्सासमध्ये हॉग हंट बुक करताय? आमचे 725 डॉलर कसे गेले ते आधी वाचा

पैसे परत मिळणार नाहीत हे आता आम्ही मान्य केलंय. तरी लिहितोय, कारण गेल्या महिन्याभरात ओळखीच्या दोघांनी मला विचारलं की स्प्रिंग ब्रेकला टेक्सासला चाललोय, तुम्ही ते डुकराच्या शिकारीचं कुठून बुक केलं होतं? दोघांनाही फोनवर सगळं सांगितलं, पण ज्यांचा फोन येणार नाही त्यांच्यासाठी हे.

आम्ही न्यूजर्सीत राहतो. माझा मेव्हणा पण इकडेच आहे, एच-वन-बी वर. सासऱ्यांची शेती देवरुखजवळ, भात आणि थोडी रताळी, आणि तिकडे ज्यांची शेती आहे त्यांना रानडुकराचं वेगळं सांगायला नको. एका रात्रीत अख्खा तुकडा नांगरल्यासारखा उकरून ठेवतात. मेव्हण्याचं लहानपण शेतात माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवण्यात गेलंय, आणि एवढं करून डुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी पाहिजे. त्यामुळे टेक्सासमध्ये डुकरांना सीझन नाही, लिमिट नाही, रात्री पण मारता येतात, 2011 पासून तर हेलिकॉप्टरमधून मारायला पण कायद्याने परवानगी आहे हे त्याने वाचलं तेव्हा त्याचे डोळेच चमकले. तिकडे साधारण 26 लाख रानडुकरं असावीत असा अंदाज सांगतात, शेतकरी अगदी जेरीला आलेत. मेव्हणा म्हणाला भावोजी, आपण सॅन अँटोनिओला जातोच आहोत तर एकदा हे करूच, बाबांना फोटो पाठवायचाय मला. हौस होतीच पण त्याच्यासाठी ती नुसती हौस नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

जाहिरात सोशल मीडियावरच्या विक्रीच्या पानावर दिसली. ऑस्टिनच्या वायव्येला लॅनो म्हणून काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, आहे तिथली रँच, दोन रात्री, दोन माणसं मिळून 650 डॉलर, त्यात रायफल, राहायला केबिन, ब्लाइंड म्हणजे लपून बसायचे आडोसे, समोर डुकरांना मका टाकणारे फीडर, सगळं आलं. फोटो सुंदर होते, केबिनच्या ओट्यावर दोन लाल खुर्च्या, मागे उंच पाइनची झाडं. मी मेसेज केला तर दहा मिनिटांत उत्तर, एकदम नम्र, प्रत्येक वाक्यात सर.

मी विचारलं लायसन्सचं काय? तो म्हणाला काही लागत नाही सर, 2019 ला कायदा बदलला, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की हंटिंग लायसन्स नको, बाहेरच्या स्टेटच्या माणसाला पण नको. मी लगेच टेक्सासच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर जाऊन चेक केलं, आणि ते शंभर टक्के खरं निघालं. इथेच मी फसलो. एक गोष्ट खरी निघाली म्हणून मी बाकीच्या सगळ्या गोष्टी खऱ्या धरल्या. त्या नियमातला मुख्य शब्द आहे मालकाची परवानगी, आणि मालक कोण हे मी एकदाही विचारलं नाही. टेक्सासची जवळजवळ 95 टक्के जमीन खाजगी मालकीची आहे, म्हणजे तिकडे शिकार म्हणजे कोणाच्या तरी घरच्या जमिनीत जाणं, हे डोक्यात यायला पाहिजे होतं.

निम्मे म्हणजे 325 डॉलर आधी मागितले, बँकेतून फोन नंबरवर थेट पैसे जातात तसे. पाठवले. निघायच्या आठवडाभर आधी मेसेज आला की थर्मल स्कोप, म्हणजे अंधारात उष्णतेवरून जनावर दाखवणारी रायफलवरची दुर्बीण, महाग असतो तर त्याचं 400 डॉलर डिपॉझिट, जाताना परत देणार. तेही पाठवले, कारण थर्मल स्कोपच्या किमती मी बघितल्या होत्या आणि डिपॉझिट मागणं मला रास्त वाटलं. मग निघायच्या दोन दिवस आधी, इन्शुरन्सचे 200 राहिलेत, आणि ते गिफ्ट कार्डने द्या, कार्ड खरवडून मागचा नंबर फोटो काढून पाठवा. तेव्हा बायको म्हणाली, इन्शुरन्स कधी कोणी गिफ्ट कार्डने भरतं का? मी त्याला नाही म्हणालो तर तो जराही चिडला नाही, म्हणाला नो प्रॉब्लेम सर, गेटवर कॅश द्या. चिडला असता तर मी सावध झालो असतो. तो गोड बोलला म्हणून आम्ही तरीही गेलो.

त्या दिवशी सकाळी आम्ही एन्चान्टेड रॉक चढून आलो, गुलाबी ग्रॅनाइटचा प्रचंड घुमट आहे, मुलीला खूप आवडला. दुपारी लॅनोला मोटेलमध्ये सामान टाकलं आणि बायको आम्हाला सोडायला म्हणून गाडीत. देवरुखहून सासऱ्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता, पोचलात का रे म्हणून. जाहिरातवाल्याने पाठवलेल्या नकाशावरच्या पिनवर पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, गुलाबी खडीचा, आणि पुढे गेट.

त्याने मला चार आकडी कोड दिला होता, कीपॅडवर टाका म्हणून. गेटला कीपॅडच नव्हता. लोखंडी पाइपचं साधं गेट, त्याला साखळी, आणि साखळीत चार कुलुपं एकात एक अडकवलेली. फोन लावला, पहिल्यांदा रिंग वाजली, दुसऱ्यांदा सरळ व्हॉइसमेल, मेसेज जाईना. मेव्हणा म्हणाला आत रेंज नसेल त्याला, चढून जाऊया, आणि एक पाय गेटवर टाकला पण. बायको गाडीतून ओरडली, खाली उतर आधी! तो उतरला. मी तेवढ्यात इकडेतिकडे बघत होतो तर ओकच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे, छातीच्या उंचीला, एका झाडावर, मग पुढच्या, मग कुंपणाच्या खांबावर. मला वाटलं सर्व्हे करणाऱ्यांनी केल्या असतील खुणा.

अर्ध्या तासाने पिकअप आला. सत्तरीचे गृहस्थ, शेजारच्या सीटवर कुत्रा. आधी आवाज कडक होता, मागच्या सीटवर मुलगी दिसल्यावर जरा उतरले. जमीन त्यांची. गुरं आहेत, आणि शिकारीचा लीज, म्हणजे भाडं देऊन शिकार करायचा हक्क, वर्षानुवर्षं एकाच ग्रुपकडे आहे, बाकी कोणी आत येत नाही. आमच्या तीन आठवडे आधी लुइझियानाहून एक जोडपं याच पिनवर येऊन उभं होतं म्हणाले. त्यांनीच कुलुपांचं सांगितलं, एक त्यांचं, एक वीज कंपनीचं, एक लीजवाल्यांचं, एक शेजाऱ्याचं, ज्याने त्याने आपलं उघडायचं. आणि जांभळ्या रंगाचं पण. टेक्सासमध्ये जांभळा पट्टा म्हणजे आत येऊ नका, पाटी लावल्यासारखंच, कायद्यातच आहे ते. विनापरवानगी घुसताना जवळ बंदूक असली तर गुन्हा आणखी मोठा. म्हणजे आमच्याकडे स्वतःची रायफल असती आणि मेव्हण्याने दुसरा पाय पण टाकला असता तर?

ते शांतपणे म्हणाले, काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या, साइटवर नकाशात माझी जमीन दाबली की माझं नाव येतं, फुकट आहे, तिथून मला शोधून विचारलं असतंत तर दोन मिनिटांत कळलं असतं. खरंच आहे. टेक्सासमध्ये कुठल्याही काउंटीत जमिनीचा मालक असा बघता येतो. आपण गावाकडे जमीन घेताना सातबारा बघितल्याशिवाय रुपया काढत नाही आणि इथे मी पिनवर विश्वास ठेवून 725 डॉलर पाठवले.

परत येताना गाडीत फोटो पुन्हा बघितले. त्यात मागे पाइन, माती तांबडी. आणि आम्ही सकाळपासून बघत होतो ते ग्रॅनाइट, ओक आणि काटेरी मेस्किट. पाइनचं जंगल टेक्सासच्या पूर्वेला आहे, लॅनोला नाही. इमेज सर्च केलं तर तो फोटो दुसऱ्याच स्टेटमधल्या भाड्याच्या केबिनच्या जुन्या जाहिरातीतला. मोटेलवर पोचल्यावर मेव्हणा सासऱ्यांना फोन करायला बाहेर गेला आणि बराच वेळ आत आलाच नाही.

आता जे सांगणार आहे ते व्हिसावर असलेल्यांनी नीट वाचा, मला पैशापेक्षा याची जास्त भीती वाटली. परत आल्यावर ऑफिसमधल्या एका शिकारी सहकाऱ्याने मेव्हण्याला विचारलं, तुझ्याकडे हंटिंग लायसन्स होतं ना? हा म्हणाला लागत नाही तिकडे. टेक्सासला लागत नाही, बरोबर. पण केंद्राच्या कायद्याप्रमाणे एच-वन, एफ-वन, व्हिजिटर अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणंच गुन्हा आहे, आणि त्यातून सूट मिळायचा नेहमीचा मार्ग म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या स्टेटचं चालू हंटिंग लायसन्स खिशात असणं. म्हणजे टेक्सासला नको असलं तरी याला पाहिजेच. बाहेरच्यांसाठी पाच दिवसांचं लायसन्स 48 डॉलरला मिळतं. त्या गेटमागे खरोखर कोणी असता आणि याच्या हातात रायफल दिली असती, तर 48 डॉलर वाचवून याचा व्हिसा, नोकरी, सगळंच पणाला लागलं असतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही, म्हणून ती माझ्या कधी लक्षात आली नाही. मोठा म्हणून मी बघायला पाहिजे होतं.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. शेरीफच्या ऑफिसात तक्रार दिली, तिथल्या डेप्युटीने सगळं नीट लिहून घेतलं. एफबीआयचं ऑनलाइन फसवणुकीसाठी आयसी-थ्री म्हणून तक्रारीचं पान आहे तिथे आणि एफटीसी म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीचं बघणारं केंद्राचं खातं, त्यांच्याकडे पण भरलं. तुमचं असं झालं तर लाज वाटून घेऊ नका, तक्रार करा, फोन नंबर आणि बँक खात्याचं नाव त्यांच्याकडे जमत जातं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे डिस्प्यूट टाकता आला असता, म्हणून कार्ड घेत नाही म्हणणाऱ्याला तिथेच सोडा. गाइडला मालकाचं नाव विचारा, काउंटीच्या साइटवर जुळवा, मालकाशी स्वतः बोला, आणि गेटवर उभं राहून व्हिडिओ कॉल कर म्हणा. खरा माणूस यातल्या कशालाही रागावणार नाही, मेव्हण्याने नंतर दोन ठिकाणी विचारून बघितलं, दोघांनी लगेच मालकाचा नंबर दिला. पुढच्या वर्षी त्यातल्या एका ठिकाणी जाणार आहोत, याचं लायसन्स आधी काढून.

परवा तीच जाहिरात मला पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, आणि जागा यावेळी कॅन्सस लिहिली आहे. कॅन्ससमध्ये रानडुकराची हौशी शिकार कायद्याने बंदच आहे, मी रिपोर्ट केलंय पण अजून ती निघालेली नाही. फोटो तेच आहेत, लाकडी केबिन, मागे पाइन, ओट्यावर दोन लाल खुर्च्या. दिसली तर मेसेज करू नका.