८ महिने वर्ड रॅप चालू ठेवून कोड लिहिला, त्याचा अनुभव

स्क्रीन लहान, त्यात अर्ध्या भागात टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडं, त्यामुळे लांब ओळी कायम उजवीकडे गायब व्हायच्या आणि आडवं स्क्रोल करून करून डोकं उठायचं. शेवटी वैतागून वर्ड रॅप, म्हणजे लांब ओळ कडेला दुमडून खाली दाखवणं, चालू केलं.

सुरुवातीलाच माती खाल्ली. विम या कोड एडिटरमध्ये टेक्स्टविड्थ (ओळीची रुंदी) ७८ केलं, मला वाटलं हेच रॅप. ते दिसण्यापुरतं नसतं हो, टाइप करताना फाइलमध्ये खरोखर ओळ तोडतं, आणि फॉरमॅट ऑप्शन्स या सेटिंगमध्ये टी हे अक्षर (साधा मजकूरही तोड, असं सांगणारं) मीच उत्साहात घालून ठेवलेलं, मग काय, एका कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमधली लांब व्हॅल्यू मधेच तुटली आणि प्रोग्राम का चालत नाही हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. टी काढून फक्त सी ठेवला तेव्हा शांतता, आता कमेंटच (कोडमधल्या टिपा) तेवढ्या तुटतात आणि पुढच्या ओळीला कमेंटचं चिन्ह पण आपोआप लागतं. हे मात्र एक नंबर.

मग सॉफ्ट रॅप, म्हणजे फाइलला हात न लावता फक्त दाखवताना ओळ दुमडणारं. विममध्ये ते मुळातच चालू असतं, पण ब्रेकइंडेंट लावलं नाही तर दुमडलेला तुकडा थेट डाव्या कडेला येऊन चिकटतो, आणि पायथॉन भाषेत इंडेंटवर, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या जागेवर, सगळा अर्थ अवलंबून असल्यामुळे वाचताना दर वेळी फसायला होतं. लाइनब्रेक पण लावा, नाहीतर शब्द मधूनच चिरतो. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये ऑल्ट झेड दाबलं की झालं, रॅपिंग इंडेंट हे सेटिंग आधीपासून ‘सेम’ असतं, मी ते ‘इंडेंट’ केलं, तुकडा एक पायरी आत सरकतो आणि नवी ओळ कुठली हे लगेच कळतं.

विमवाल्यांसाठी अजून एक, खाली जायची जे (j) ही की दाबली की कर्सर दुमडलेला अख्खा ढीग ओलांडून खाली उडी मारतो. जे ला जीजे (gj, दिसणारी एकच ओळ खाली) मॅप केलं तर ५जे (पाच ओळी खाली) सारखे आकडे चुकायला लागतात (रिलेटिव्ह नंबर, म्हणजे कर्सरपासून मोजलेले ओळींचे आकडे वापरणारे बोंबलतील), म्हणून आकडा नसेल तरच जीजे असं मॅपिंग करावं लागलं.

खरा घोटाळा मात्र पाचेक महिन्यांनी लक्षात आला. सगळं नीट दुमडून दिसतं म्हटल्यावर ओळ लांब झालीये हे जाणवतच नाही! पेप ८ (पायथॉन कोड कसा लिहावा याचे नियम) ची मर्यादा ७९ अक्षरांची आणि माझ्या ओळी १४०, १५० वर गेलेल्या, दोन फाइली शेजारी शेजारी लावून डिफ (दोन्हींतला फरक) बघितला तेव्हा लाज वाटली. म्हणजे रॅपने त्रास कमी केला तो माझा, वाचणाऱ्याचा नाही.

आता कोडसाठी रॅप बंद आणि ८० अक्षरांवर रूलरची उभी रेघ, लांब ओळ फॉरमॅटर (कोड आपोआप नीट मांडणारा प्रोग्राम) तोडतो, कुठे तोडायची ते त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं. मार्कडाउनला (साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराच्या फाइलींना) रॅप चालूच. दुसऱ्याचा जुना कोड वाचताना ऑल्ट झेड, वाचून झालं की परत ऑल्ट झेड.